बांधावरचा बगळा आपल्यालाच पाहून का उडतो?

गोव्यात खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला अडवून मिळवलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून सकाळी धावणाऱ्याला एक गोष्ट हमखास खटकते. शेतात ट्रॅक्टर धडधडतोय, त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर गायबगळे चिखलातले किडे टिपत चाललेत आणि एकाचंही पीस हलत नाही. मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, एक आजोबा पाग (फेकायचं जाळं) घेऊन उकिडवे बसलेत, शेजारी एक छोटा बगळा फेकून दिलेल्या बारक्या मासळीची वाट पाहत उभा. आणि आपण? कोणाच्या अध्यात ना मध्यात, नुसते धावत येतोय, तर पन्नास-साठ मीटरवरूनच सगळे पसार. आपण काय घोडं मारलंय यांचं?

याचं उत्तर आहे, आणि ते बऱ्यापैकी नेमकं आहे. पण आधी समोर उभा असतो तो पक्षी कोण, हे बघायला हवं, कारण उत्तर त्यावरही अवलंबून आहे.

हिवाळा सुरू झाला की दिवाडी, चोडण, करमळी, कुडतरी इथे धावणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फोटो यायला लागतात. धुकं, भाताची कापलेली खुंटं आणि मधोमध उंच पायांचा एक पक्षी. खाली ओळ असते: ‘आज क्रेन दिसला!’ बहुतेक वेळा तो क्रेन, म्हणजे क्रौंच कुळातला पक्षी नसतो. एक तर बगळा असतो किंवा करकोचा. तिघांचे पाय लांब, मान लांब, चोच लांब, उभं राहण्याची ढब सारखी. त्यामुळे ते एकमेकांचे चुलतभाऊ असावेत असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात उथळ पाण्यात आणि उंच गवतात पोट भरायचं तर लांब पाय सोयीचे, एवढंच त्यांच्यातलं साम्य. तीन वेगवेगळ्या घराण्यांनी एकाच कामासाठी शिवून घेतलेला तो सारखा पोशाख आहे.

घराणी किती वेगळी? बगळ्यांचे जवळचे नातेवाईक म्हणजे शराटी, चमचा आणि पेलिकन. करकोच्यांचा गणच निराळा. आणि क्रौंचांचे गोत्रबंधू कोण, तर पाणकोंबड्या! गटाराकाठी शेपटी झटकत तुरुतुरु पळणारी पांढऱ्या छातीची पाणकोंबडी, तळ्यातल्या जलपर्णीवर चालणारी जांभळी पाणकोंबडी, कपाळावर पांढरा टिळा मिरवणारा वारकरी, हे सगळे क्रौंचाच्याच गणातले. म्हणजे गोव्यात क्रौंचाचे नातलग बघायचे असतील तर उंच पांढऱ्या पक्ष्याकडे बघून उपयोग नाही, माडाच्या मुळाशी केरात चरणाऱ्या त्या बुटक्या पाणकोंबडीकडे बघावं लागेल. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

धावता धावता ओळखायचं तर पिसांच्या रंगात शिरूच नका. सकाळच्या उजेडात रंग फसवतात. पक्षी उडाला की मानेकडे बघा. बगळा उडताना मान आखडून खांद्यांत घेतो. त्याच्या मानेतला सहावा मणका वेगळ्या घडणीचा असतो, त्यामुळे मानेला कायमची नागमोडी घडी पडते. याच घडीच्या जोरावर तो उभ्या जागी चोच भाल्यासारखी पाण्यात मारू शकतो. बहुतेक करकोचे आणि क्रौंच मान सरळ पुढे ताणून उडतात. एवढ्यावर बगळा वेगळा निघाला.

उरलेल्या दोघांत फरक करायचा तर तो झाडावर बसतो का ते बघा. करकोचे झाडावर बसतात आणि घरटीही बहुधा झाडावरच बांधतात. आपल्याकडे दिसणारे क्रौंच झाडावर बसत नाहीत, कारण त्यांचं मागचं बोट आखूड आणि वर चढलेलं असतं, फांदी धरताच येत नाही. त्यांचं घरटं जमिनीवर किंवा उथळ पाण्यात. आणि आवाज! करकोचे जवळजवळ मुके, फार तर चोच खटाखट वाजवतात. क्रौंचाची श्वासनलिका इतकी लांब असते की ती छातीच्या हाडात वेटोळी घालून बसवलेली असते. त्यामुळे त्याची घुमणारी साद खूप दूरवर जाते. क्रौंचांचा थवा डोक्यावरून गेला आणि तुम्हाला कळलंच नाही, असं सहसा होत नाही. बगळा उडताना ‘क्राँक’ असं काहीतरी वैतागून ओरडतो, ते निराळं.

जाता जाता धावणाऱ्यांसाठी एक गंमत: या पक्ष्यांचा ‘उलटा वाकणारा गुडघा’ हा गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर पोटाच्या पिसांत झाकलेला असतो. म्हणजे ही मंडळी आयुष्यभर टाचा उचलून, बोटांवरच चालतात.

गोव्यात मान ताणून उडणारा उंच पक्षी दिसला तर तो बहुधा करकोचाच. चोचीत फट असलेला मुग्धबलाक गोगलगायी खातो. पांढऱ्या मानेचा करकोचा भातशेतात जोडीने फिरतो. अंगावर गुलाबी झाक असलेला चित्रबलाक तळ्यांवर उतरतो. खरे क्रौंच जगात पंधरा जातींचे आहेत आणि भारतातले त्यांचे नेहमीचे मुक्काम गोव्यापासून दूर आहेत. सारस हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच. तो उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी आहे आणि महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडच्या तळ्यांवर व धानशेतांवर उरलाय. मंगोलिया-मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे छोटे क्रौंच हिवाळ्यात राजस्थान-गुजरातेत उतरतात. काळ्या मानेचा क्रौंच लडाखात वीण घालतो. सायबेरियन क्रौंच भरतपूरला यायचा, तो 2002 नंतर आलेलाच नाही. क्रौंचांना दूरवर नजर जाईल असं मोकळं रान, सांडलेलं धान्य आणि रात्री उभं राहायला उथळ पाणी लागतं. खाडी, माडांची रांग, लगेच डोंगर, अशी गोव्याची चिंचोळी रचना त्यांच्या पसंतीची नाही.

आता मूळ प्रश्न. पक्षी उडतो कधी?

आपल्याला वाटतं, त्याने आपल्याला पाहिलं, घाबरला, उडाला. पण पाहणं आणि उडणं यांत बराच वेळ जातो. बगळ्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, वर चोचीच्या खालचं पाणीही दिसतं. तो पाण्यात डोळे लावून बसलाय असं आपल्याला वाटतं, बकध्यान म्हणतो आपण त्याला, तेव्हाही आपण बांधावर चढल्यापासून त्याच्या नजरेत असतो. थोडं पुढे गेलो की तो मान उंच करतो. चरणं थांबलं. हे त्याचं सावध होण्याचं अंतर. आणखी पुढे गेलो की उडतो, ते उड्डाण-अंतर. या दोन रेषांच्या मधे जे चालतं, तो खरा विषय.

1986 मध्ये इडेनबर्ग आणि डिल या दोन अभ्यासकांनी त्यावर एक सोपा विचार मांडला, आणि नंतरच्या बहुतेक अभ्यासाचा तो पाया झाला. त्यांचं म्हणणं असं: शिकारी दिसला म्हणून प्राणी लगेच पळत नाही, कारण पळण्याला किंमत आहे. हातातला घास जातो, उडायला शक्ती लागते, चांगली जागा दुसरा बळकावतो. थांबण्यालाही किंमत आहे, जीव जाऊ शकतो. धोका जवळ येईल तशी थांबण्याची किंमत चढत जाते. पळण्याची किंमत मात्र लांबून पळण्यात सर्वांत जास्त, कारण कदाचित तो आपल्याकडे येतही नसेल आणि घास उगाच गेला. या दोन किमती जिथे बरोबरीत येतात तिथे प्राणी उडतो. भित्रेपणा किंवा धिटाई हे स्वभावाचे गुण वाटतात खरे, पण त्यातला बराच भाग जमाखर्चाचा असतो. पक्षी काही आकडेमोड करत नाही, हे सांगायला नकोच. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा अंदाज चुकला ते उरले नाहीत, एवढंच.

हे एकदा पटलं की बांधावरची निम्मी कोडी सुटतात.

ढोकरी घ्या. मातकट रंगाचा तो छोटा बगळा, गवतात बसला तर दिसतच नाही. तो आपल्याला अगदी पायाशी येईपर्यंत बसू देतो आणि मग एकदम पांढरे पंख उघडून दचकवतो. त्याचा हिशेब साफ आहे: मी दिसतच नाहीये, तर उडून स्वतःला का दाखवू? उलट मोठा पांढरा बगळा हिरव्या शेतात कोसभरावरून दिसतो. लपण्याचा पर्यायच नसल्याने तो लवकर निघतो. शरीराचा आकारही महत्त्वाचा. वेगवेगळ्या जातींची मोजमापं केली तेव्हा मोठे पक्षी साधारणपणे जास्त अंतरावरून उडतात असंच दिसून आलं. जड शरीर हवेत उचलायला वेळ लागतो, म्हणून निघायचं तर आधी निघायला हवं. करकोचा बगळ्याच्याही आधी का उठतो, याचं एक कारण हे.

आणखी एक, जरा चक्रावणारं. आपण जितक्या लांबून त्याच्या दिशेने यायला सुरुवात करतो, तितका तो लवकर उडतो. पाचशे मीटर सरळ बांधावर त्याला आपण पाचशे मीटर दिसत असतो. तेवढा वेळ एक डोळा आपल्यावर ठेवायचा म्हणजे मासे पकडण्यावरचं लक्ष गेलं. मग नुसतं पाहत राहण्याचाच खर्च इतका वाढतो की तो म्हणतो, त्यापेक्षा निघालेलं बरं. वळणावळणाच्या वाटेवर तोच पक्षी आपल्याला बराच जवळ येऊ देतो. बांध सरळ असतो, उंच असतो आणि त्यावर आपण आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्वच्छ दिसतो. पक्ष्याच्या दृष्टीने याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

त्यात आपण धावतोय. चालणाऱ्याच्या मानाने अंतर झपाट्याने कमी होतंय, म्हणजे विचार करायला वेळ कमी. आणि आपण थेट त्याच्या दिशेने येतोय, नजर समोर लावून. काही पक्ष्यांवर झालेल्या प्रयोगांत माणसाची नजर कुठे आहे यानेही फरक पडल्याचं दिसलंय. सोबत कुत्रा असेल तर विषयच संपला. कुत्र्याला पक्षी शिकारी म्हणूनच ओळखतात, पट्टा बांधलेला आहे की नाही ते त्यांना कळत नाही.

मग ट्रॅक्टर? तो आपल्यापेक्षा मोठा, आवाज कितीतरी जास्त. पण ट्रॅक्टर एका ठरावीक ओळीत जातो, पक्ष्यामागे कधीच वळत नाही, आणि माती उलटून किडे वर काढतो. गायबगळ्याच्या खात्यात तो खर्चाच्या बाजूला येतच नाही. आधी गुराढोरांमागे फिरून तो हेच करायचा, आता यंत्रामागे करतो. करमळीच्या तळ्याला लागून कोकण रेल्वे जाते. तिच्या खडखडाटात अडया (शीळ घालणारी छोटी बदकं) आपल्या जागी बसलेल्या असतात, पण काठावर कोणी माणूस उतरला की पाणी सोडतात. गाडी वर्षानुवर्षं त्याच रुळांवरून गेलीय आणि तिच्यातून कोणी दगड मारायला उतरलेलं नाही. म्हणूनच मोटारीत बसलेल्या माणसाला पक्षी जितकं जवळ येऊ देतात तितकं पायी आलेल्याला देत नाहीत. दार उघडून पाय खाली टाकला की लगेच उडतात. मानशीवरच्या आजोबांचंही तेच: रोज तिथेच, बसलेले, आणि हातून मासळी सुटणारी.

म्हणजे सवय होते. पण सवय व्हायला माणूस रोज तसाच वागावा लागतो. राजस्थानात फलोदीजवळ खिचन गावी लोक अनेक वर्षं छोट्या क्रौंचांना धान्य घालतात, आणि हजारोंचे थवे घरांच्या भिंतींपर्यंत येऊन उतरतात. तोच पक्षी इतरत्र लांबूनच उडतो. पक्षी बदललेला नाही, त्याचा अनुभव बदललाय. 2025 मध्ये खिचनचा पाणथळ भाग रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. (आपल्याकडे त्या यादीत कुडचड्याचं नंदा तळं आहे, 2022 पासून.)

‘उडाला तर उडाला, दुसरीकडे बसेल’ असं मीही ऐकलंय, आणि एखाद्या बगळ्याच्या बाबतीत एका सकाळी ते खरंही आहे. पण वेळ कोणती आहे ते बघा. रात्रभर पोटात काही नाही. आणि मोठ्या करकोच्यांची एक वेगळी अडचण असते. जमीन तापली की गरम हवेचे झोत वर चढतात, त्यांवर पंख पसरून ते जवळजवळ फुकटात तरंगतात. पण सकाळी साडेसहाला जमीन थंड असते, झोत नसतात. उठायचं तर पंख मारतच उठावं लागतं, आणि त्याला नुसतं उभं राहण्याच्या कित्येक पट शक्ती लागते. अकरा वाजता उठवलेला करकोचा आणि साडेसहाला उठवलेला करकोचा, दोघांचं नुकसान सारखं नाही. धावणारे नेमके साडेसहाचे गिऱ्हाईक.

खाजनात आणखी एक वेळापत्रक चालतं, ओहोटी-भरतीचं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: मांडवी-झुवारीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली ही सखल जमीन, पावसाळ्यात भात आणि बाकी काळ मासळी. बांधाला असते ती मानस, लाकडी झडपांचं दार. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ती बाहेर उघडते, भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते. ओहोटीला पाणी तिथून धावतं तेव्हा मासे त्या अरुंद तोंडाशी गोळा होतात. म्हणून मानशीजवळ बगळ्यांची गर्दी. ही जेवणाची वेळ तासा-दोन तासांची, आणि मानस बांधावरच, आपल्या वाटेवर.

सर्वांत जास्त हाल होतात ते मात्र आपल्या पुढे पुढे उडणाऱ्या पक्ष्याचे. तुम्ही हे पाहिलं असेल. बगळा उडतो, शंभर मीटर पुढे त्याच बांधाच्या कडेला बसतो. आपण तिथे पोचतो, पुन्हा उडतो, पुन्हा पुढे. आपल्याला वाटतं तो वाट दाखवतोय. त्याच्या दृष्टीने एक शिकारी त्याचा माग काढतोय आणि सोडायला तयार नाही. हे थांबवणं सोपं आहे: पहिल्यांदा उडाला की दहा-वीस पावलं चालत जा, बांधाच्या ज्या बाजूला तो बसलाय तिच्या उलट्या कडेला सरका. तो बाजूने मागे निघून जातो.

बाकी युक्त्या वरच्या हिशेबातूनच निघतात. पक्ष्याने मान वर केली की वेग कमी करा. मान वर होणं म्हणजे आपण पहिली रेषा ओलांडलीय, दुसरी अजून बाकी आहे. त्याच्या रोखाने सरळ जाण्याऐवजी जरा तिरके जा, नजर दुसरीकडे ठेवा. फोटोसाठी एकदम थबकू नका. धावत येऊन मधेच थिजणारा प्राणी त्यांच्या जगात झेप घेण्याच्या तयारीत असतो. चालत, सारख्या गतीने पुढे निघून जाणं सर्वांत बरं. आणि टिटवीकडे लक्ष असू द्या. ती ओरडली की आपल्या बाजूने कितीही शिताफी केली तरी उपयोग नाही, कारण आजूबाजूचे पक्षी तिचा गजर ऐकून सावध होतात. उन्हाळ्यात ती डोक्यावर झेपावत असेल तर जवळच उघड्या जमिनीवर तिची अंडी आहेत. तेव्हा आल्या वाटेने परत फिरावं.

एखाद्या हिवाळ्यात वाट चुकलेला खरा क्रौंच गोव्यात उतरलाच तर? मान सरळ, झाडाकडे ढुंकून न पाहणारा, घुमता आवाज. जवळ जाऊ नका, जिथे आहात तिथूनच फोटो घ्या, पायात कडी असतील तर त्यांचा रंग आणि बाजू टिपा, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करा. आणि गटावर नेमकी जागा टाकायची घाई करू नका. दुपारपर्यंत चाळीस माणसं पोचतील, आणि त्या थकलेल्या पक्ष्याला हिशेब करायलाही सवड मिळणार नाही.

ओहोटीला त्यांची जेवणाची वेळ असते, तर मग भरतीला धावावं असं सुचेल. तेही तितकं सरळ नाही. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि खारफुटीतले बरेच पक्षी पाणी उतरेपर्यंत विसाव्याला बांधावरच येऊन बसतात. मधली वेळ बरी पडते. मी भरती-ओहोटीचं कोष्टक बघतो आणि भरती माथ्यावर असेल त्या सकाळी बांध सोडून गावातल्या डांबरी रस्त्याने जातो. तिथे चर्चजवळच्या वळणावर चार कुत्रे झोपलेले असतात, त्यांच्या बाबतीत उड्डाण-अंतराचा हिशेब मला स्वतःचा करावा लागतो.